सतरा रुपये सत्तर पैसे

“बाई, हे ४३६ कशाचं वो?”

आक्कांनी मेंदीच्या कुंपणावरून सुनेचं पासबुक माझ्या हातात दिलं आणि कोथिंबिरीची जुडी निवडायला सुरुवात केली. म्हणजे गप्पा लांबणार हे ठरलं. जून लागला की हा प्रश्न वारणानगर-कोडोलीच्या घराघरांत निघतो. मेअखेरीला बँका विम्याचे हप्ते कापून घेतात आणि जूनमध्ये पोरांच्या वह्या-दप्तरांसाठी पैसे काढायला गेलं की शिल्लक कमी भरते.

“जीवनज्योतीचा हप्ता आहे. त्याखालचे २० अपघात विम्याचे. दोन्ही मिळून ४५६.”

“आन सही कुणी केल्ती?”

“सूनबाईंना विचारा.”

“इचारलं की. म्हणती, खातं काढताना सायेब बोट दावील तितं सही केली. त्यातली कंची इम्याची आन कंची कशाची, तिला काय ठावं?”

माझं मत असं, की तो २० रुपयांचा विमा कुणी बंद करू नये. अपघाती मृत्यू झाला तर २ लाख मिळतात, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना वाट देत फटफटी चालवणाऱ्या माणसानं तरी तो जरूर ठेवावा. आधी तो १२ रुपयांत मिळायचा, जून २०२२ पासून २० झाला. जीवनज्योतीही तेव्हाच ३३० वरून ४३६ वर गेली. पण भल्याचं असलं तरी विचारून हवं. संमतीचा कागद दाखवा, नसेल तर पैसे परत द्या, असं म्हणायला काय हरकत आहे?

“म्हणायला कोन जातंय?” आक्का म्हणाल्या. “रिक्षाचंच साठ रुपये हुत्यात.”

एवढ्यात डेअरीवर दूध घालून आण्णा आले. आण्णांनी उभा जन्म एका सरकारी बँकेत काढला. निवृत्तीनंतरही दुसऱ्याचं पासबुक दिसलं की त्यांचा हात आपसूक चष्म्याकडं जातो. किटली कुंपणाला अडकवून त्यांनी पासबुक माझ्याकडून घेतलं आणि पानं मागं उलटायला लागले. जीवनज्योती त्यांनी बघितलीही नाही.

“आक्का, हे बघा. ऑगस्ट २०२४. तीन हजार जमा आणि लगेच खाली दंडाच्या ओळी. काय झालं होतं ते बाईंना सांगा.”

“ते व्हय? लाडकी बहीण!” आक्कांचा चेहरा एकदम उजळला. ही गोष्ट त्यांनी माझ्याखेरीज साऱ्या आळीला सांगितली असावी. तेव्हा मी पुण्याला लेकीकडं होते.

झालं होतं असं. योजनेचे जुलै-ऑगस्टचे दोन हप्ते, मिळून ३,००० रुपये, त्या वर्षी राखीपौर्णिमेच्या तोंडावर बायकांच्या खात्यांत पडायला लागले. बँकेत ही झुंबड. पण पैसे कुठल्या खात्यात पडतील हे बाईच्या हातात नव्हतं. आधार ज्या खात्याला जोडलेलं, त्यात ते जाणार. आणि आपल्याकडं एका घरात खाती किती? ऊसबिलाचं एक, दर दहा दिवसांच्या दूधबिलाचं एक, बचत गटाचं एक, शिवाय पोरीच्या शिष्यवृत्तीसाठी कधीकाळी काढलेलं आणि विसरलेलं एक. सुनेचं आधार नेमकं त्या विसरलेल्या खात्याला. त्यात वर्षानुवर्षं किमान शिल्लक नाही म्हणून दंड साचत होता. वरून तीन हजारांचं पाणी आलं, खालून मोरी उघडी.

आणि ही एकट्या आक्कांच्या सुनेची कहाणी नव्हती. राज्यभर बायकांनी ओरड केली. कुणाचे पैसे दंडात गेले, कुणाचे जुन्या कर्जाच्या थकबाकीत वळते झाले. शेवटी सरकारला बँकांना सांगावं लागलं की हे पैसे कुठल्याही येण्यात वळते करू नका.

“पर आमच्या बँकेला ते ऐकूच आलं न्हाई,” आक्का म्हणाल्या. बँकेचं नाव त्यांनी घेतलं, मी इथं घेत नाही. “काउंटरवरचा पोरगा म्हणतोय, मावशी, सिस्टिमनं कापलंय. मी म्हटलं, मग सिस्टिमला बोलीव बाहीर!”

आण्णा हसले, पण त्यांनी त्या पोराची बाजू सोडली नाही. “त्याचं खरं होतं. दंड कुणी बसून लावत नाही, रात्री यंत्र लावतं. परत द्यायचा मात्र माणसाला द्यावा लागतो. शाखेच्या साहेबाला त्याचा अधिकार थोडका. वर विचारावं लागतं. आणि वर पाठवायला त्याला कागद लागतो. तुमचं भांडण तो कसं पाठवणार?”

हे मला नवीन होतं. काउंटरवर चढा आवाज केला की काम होतं, अशी आपली समजूत. आण्णा म्हणतात, आवाजानं फार तर पाणी मिळतं प्यायला. त्यांनी तेव्हा सुनेला अर्ज लिहून दिला होता, एका पानाचा. त्यात रागाचा एक शब्द नाही. कुठल्या तारखेला किती कापले, कशापोटी, आणि कुठल्या नियमानं, एवढंच. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि सही घेऊन पोच म्हणून घरी आणायची.

“नियम कुठला पण?” मी विचारलं. शिक्षिकेची खोड, दुसरं काय.

आण्णांना ते पाठच. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक, १ एप्रिल २०१५ पासून लागू. बचत खात्यात किमान शिल्लक नसेल तर बँकेनं आधी खातेदाराला कळवायचं: मेसेज, मेल, पत्र, काहीही. मग महिनाभर थांबायचं. तेवढ्यात शिल्लक भरली नाही तरच दंड. तोही सरसकट नाही, जेवढी तूट तेवढ्याच्या प्रमाणात. शंभर रुपये कमी पडणाऱ्याला आणि पाच हजार कमी पडणाऱ्याला एकच दंड, असं चालत नाही. आणि नुसत्या या दंडापायी खातं शून्याच्या खाली जाता कामा नये.

“मग आमचं कसं ग्येलं?”

“खाली नेलं नाही ना! मागं लिहून ठेवलं आणि पैसे आल्यावर उचललं. अक्षर पाळलं, अर्थ सोडला.” आण्णांनी हे अगदी थंडपणे सांगितलं. आपल्याच धंद्याबद्दल असं बोलणारी माणसं मला आवडतात. “पण सुनेच्या बाबतीत आणखी एक धागा सापडला. तिच्या खात्यावर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तिनं स्वतः काही व्यवहार केलेला नव्हता. म्हणजे खातं निष्क्रिय. आणि निष्क्रिय खात्याला किमान शिल्लकेचा दंड लावायचा नाही, ते पुन्हा चालू करायलाही पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम १ एप्रिल २०२४ पासूनचा. त्यानंतर लावलेलं सगळं परत आलं. आधीचं काही आलं, काही नाही.”

“धाशे चाळीस आलं,” आक्कांनी आकडा सांगितला. “राखीला भावाला शर्ट घेतला तिनं त्यातनं.”

हजारभर रुपये. बँकेच्या हिशेबात चिमूट नाही. पण असल्या चिमटींची रास केवढी होते बघा. स्टेट बँकेनं २०१७ च्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत किमान शिल्लकेच्या दंडातून १,७७१ कोटी गोळा केले. त्याच वर्षी एका तिमाहीत बँकेला जो नफा झाला, त्याहून ही रक्कम जास्त होती. त्यावर एवढा गदारोळ झाला की पुढच्या एप्रिलपासून दंड बराच उतरवला आणि मार्च २०२० मध्ये तो साऱ्या बचत खात्यांवरून काढूनच टाकला. बाकीच्या सरकारी बँका घेत राहिल्या. २०२०-२१ पासूनच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी मिळून सुमारे ८,९०० कोटी असे जमवले, हे संसदेत सांगितलं गेलं. त्यानंतर कुठं कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा, इंडियन अशा बँकांनी २०२५ च्या जून-जुलैत हा दंड सोडला. खासगी बँकांचं तंत्र वेगळं. किमान शिल्लक किती ठेवायची हे ज्या त्या बँकेनं ठरवायचं, असं रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनीच त्या साली सांगून टाकलंय.

“कमी पैसे हायीत म्हणून दंड!” आक्का म्हणाल्या. “ज्याच्याकडं न्हाई त्याच्याकडनंच घ्यायचं. ह्ये कुनाच्या डोस्क्यातनं निगालं?”

याला आण्णांकडं उत्तर नव्हतं. त्यांनी दुसरी गोष्ट काढली, आणि ती मला आजवरच्या सगळ्या गप्पांत सर्वांत जास्त भावली.

आय.आय.टी. मुंबईत आशिष दास म्हणून संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी गरिबांच्या शून्य शिल्लक खात्यांचा हिशेब काढला. जनधनचं खातं म्हणजे किमान शिल्लकेची अट नाही, दंड नाही. पण महिन्याला चार वेळा पैसे काढले की पाचव्या वेळेपासून स्टेट बँक प्रत्येक वेळी १७ रुपये ७० पैसे घेत होती. १५ रुपये आकार, वर १८ टक्के जी.एस.टी. आणि हे नुसतं रोकड काढण्यावर नाही. दुकानात कार्ड घासलं, मोबाइलवरून यूपीआय केलं, तरी पाचव्यापासून १७.७०. म्हणजे वीस रुपयांचा वडापाव मोबाइलवरून घेतला तर तो ३७ रुपये ७० पैशांना पडला.

एकीकडं सरकार सांगतंय डिजिटल व्हा, दुसरीकडं ज्यानं ऐकलं त्याला वडापाव महाग. आय.आय.टी.च्या अहवालात हिशेब मांडलाय: एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० मध्ये असे किमान १४ कोटी व्यवहार, आणि त्यावर २५४ कोटींच्या वर वसुली. ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळानं सगळ्या बँकांना फर्मावलं की रुपे कार्ड आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून घेतलेले आकार परत करा. त्याप्रमाणं सुमारे ९० कोटी परत गेले. जानेवारी २०२० च्या आधीचे १६४ कोटी राहिले, असं अहवाल म्हणतो. बँकेचं म्हणणं, चार मोफत व्यवहारांनंतर वाजवी आकार घ्यायची मुभा नियमातच आहे.

“मंजी ज्यानं आदी खाल्ला वडापाव, त्याचं ग्येलं,” आक्कांनी निकाल दिला.

मला यातलं मोठेपण असं वाटतं, की त्या प्राध्यापकांचा स्वतःचा एक रुपया त्यात अडकलेला नसणार. १७.७० साठी कुठला मजूर अर्ज करणार? दिवसाची हजेरी बुडवून? लहान रकमेचं हेच कसब आहे, ती मागायला जाणं तिच्याहून महाग पडतं. म्हणून कुणीतरी बाहेरच्यानं बेरीज करावी लागते.

आपण तर बेरीज करायचंही सोडलंय. काट्यावर उसाच्या वजनात किलो-दोन किलोचा फरक वाटला तर गडी हातातलं काम टाकून भांडायला उभे राहतात, पण पासबुक वर्षवर्ष भरून आणत नाहीत. आणि हे वारणेत! तात्यासाहेब कोऱ्यांनी जिथं कारखाना, दूध संघ, बँक, बाजार असं सगळं सभासदांच्या नावावर उभं केलं, आणि १९९८ साली आसपासच्या सत्तर गावांत संगणक लावून उसाचा हिशेब शेतकऱ्याला गावात बसून बघायची सोय करायला घेतली, तिथं.

आण्णा म्हणाले, “पोराच्या चालू खात्याचं सांगा की बाईंना.”

आक्कांच्या थोरल्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. चालू खातं. त्याची कथा थोडक्यात सांगते, कारण ती थोरल्याला आवडत नाही. २०१४ चं ते परिपत्रक बचत खात्यापुरतं. चालू खात्याला त्याची सावली नाही. तिथं तिमाही सरासरी शिल्लक, रोकड भरण्याचा आकार, चेक परतीचा दंड, सगळं बँकेच्या दरपत्रकावर. तरी दोन गोष्टी बँकेला सुटत नाहीत: खातं काढताना आकार सांगायचे, आणि पुढं बदलले तर महिनाभर आधी कळवायचं. मागल्या तारखेपासून आकारणी नाही. थोरल्याचं खातं बँकेनं परस्पर वरच्या प्रकारात चढवलं होतं, नाव सोनेरी काहीतरी. शिल्लकेची अट तिप्पट झाली. मेसेज गेला म्हणाले. गेला तो जुन्या, बंद पडलेल्या नंबरावर. अर्ज केल्यावर खातं पुन्हा खाली आणलं आणि शिल्लकेचा दंड परत दिला. रोकड भरण्याचा आकार मात्र दिला नाही. तो दरपत्रकात पहिल्यापासून होता आणि थोरल्यानं वाचला नव्हता. आण्णांच्या मते तिथं बँकेचं बरोबर. थोरला अजून आण्णांशी नीट बोलत नाही.

मग मीही माझं घोडं थोडं दामटलं. इंग्लंडात भाची आहे माझी. तिथं सगळ्यांचं रोजचं खातं म्हणजे चालू खातंच. खात्यात पैसे कमी असताना देणं निघालं की बँका तीस-पस्तीस पौंड दंड लावायच्या. २००६-०७ च्या सुमाराला लोकांनी अर्जाचे नमुने एकमेकांना देऊन दावे लावायचा सपाटा लावला, आणि बँका कोर्टाची पायरी चढण्याआधीच पैसे परत द्यायला लागल्या. मग सरकारी खात्यानं एक मोठा खटला केला आणि २५ नोव्हेंबर २००९ ला सर्वोच्च न्यायालयात तो हरला. हा आकार म्हणजे सेवेच्या किमतीचाच भाग, तो वाजवी का गैरवाजवी हे त्या नियमाखाली तपासता येत नाही, असा निकाल.

“म्हंजी जे आदी भांडले त्येंचं झालं,” आक्का म्हणाल्या. वडापावच्या उलटा न्याय हा, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

आपल्याकडं निदान तक्रारीला दार आहे. आण्णा सांगत होते, आधी बँकेत लेखी अर्ज. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या बँकांसाठी एकच योजना झाली. अर्ज मोबाइलवरून करता येतो, नाहीतर कागद टपालानं चंडीगडला. फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ नंबरावर फोन केला तर मराठीतूनही सांगतात. एकच करायचं नाही: थेट वर उडी मारायची नाही. बँकेची पोच नसेल तर तक्रार दारातूनच परत येते. माणसं नेमकी तिथंच अडतात.

ए.टी.एम.मधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून गेले, तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढं रोजचे १०० रुपये बँकेनं भरायचे, न मागता. हे २०१९ पासूनचं. आक्कांच्या जावयाला असे चारशे मिळाले होते. त्याला वाटलं चुकून आले, तो परत करायला निघाला होता.

“आन परवा मला फोन आला,” आक्कांना आठवलं. “हिंदीत बोलत हुता. मावशी, तुमचं कापलेलं पैसे वापस द्यायचं हायत, नंबर आलाय तो सांगा.”

आण्णांचा हात चष्म्यावर थांबला. “सांगितला?”

“म्हटलं, शिक्क्याचा कागद घिऊन ये घरी. ठिवला त्यानं फोन.”

आण्णांनी पासबुक मिटून आक्कांना दिलं. सूनबाईंच्या ४३६ चा अर्ज संध्याकाळी लिहून देतो म्हणाले. संमतीच्या कागदाची प्रत मागायची, एवढंच दोन ओळींचं. किटली उचलली. पण आक्का काही त्यांना सोडेनात. कोथिंबीर संपली होती, तरी त्या कुंपणाशीच.

“आण्णा, आन पतसंस्थेचं?”

“काय पतसंस्थेचं?”

“भिशी मोडली ती. बाराशे रुपय कापलं. कशाचं इचारलं तर म्हणाले, ठराव झालाय.”

पतसंस्था लोकपालाकडं येत नाही. ती बँक नव्हे. ती सहकार खात्याची, तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या हाताखाली. तिथं अर्ज करायचा, ठरावाची प्रत मागायची. सभासदाला ती मागता येते. आण्णांनी हे सगळं सांगितलं, पण आवाज जरा खाली आणून, आणि रस्त्याकडं एकदा बघून. मला कळेना.

“मग लिहा की त्याचाही अर्ज,” मी म्हटलं.

“लिहितो. म्हणजे... बघू.”

“काय बघू? बँकेला एवढं परिपत्रक दाखवलंत आणि इथं का गळपटलात?”

आक्काच बोलल्या. “चेरमन त्येंचा चुलतभाऊ हाय. आन माझा मावसदीर. आमी दोगंबी न्हाई लिवनार.” कुंपणावरून त्यांनी पासबुक पुन्हा माझ्या हातात कोंबलं. या वेळी दुसरं होतं, पतसंस्थेचं, पदराखाली धरलेलं. “तुमी लिवा, बाई. तुमची भावकी न्हाई त्यात.”